क्रोमियमचा मुलामा

सायकलीची मूठ, न्हाणीघरांतील नळाची तोटी किंवा जुन्या मोटारीची पुढची दांडी उन्हांत चमकूं लागली म्हणजे ती वस्तु आरपार त्याच रुपेरी धातूची असावी असें वाटतें. वस्तुतः ही झळाळी क्रोमियमच्या मुलाम्याची असते. आणि शोभेच्या वस्तूंवर हा मुलामा सहसा केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकाहि नसतो. एवढ्याशा थरामागें सव्वाशे वर्षांचा खटाटोप आहे आणि कामगारांनीं सोसलेल्या व्यथाहि आहेत.

१७९७ सालीं पॅरिस येथील रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोक्लें यांना सैबेरियांतील शिशाच्या तांबड्या खनिजांत हा धातु आढळला. त्याचीं संयुगें नाना रंगांचीं. म्हणून रंगवाचक ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. १८५४ सालीं जर्मनींतील बुन्सेन यांनीं विजेच्या साह्यानें तो द्रावणांतून वेगळा केला. परंतु व्यवहारांत टिकेल असा मुलामा साधण्यास आणखी सत्तर वर्षें लागलीं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनीं १९२४ च्या सुमारास तें काम तडीस नेलें. क्रोमिक आम्लाच्या शंभर भागांस गंधकाम्लाचा सुमारें एक भाग हें प्रमाण नीट राखलें, तरच थर चांगला बसतो.

शोभेच्या वस्तूवर प्रथम निकेल चढवितात आणि क्रोमियम शेवटीं. गंजापासून मुख्य रक्षण निकेल करतें. क्रोमियम त्याला काळवंडूं देत नाहीं व ओरखडे सोसतें. यंत्रांतील दट्ट्यांच्या कड्या व नोटा छापण्याचे ठसे लवकर झिजूं नयेत म्हणूनहि क्रोमियम उपयोगी पडलें. झिजणाऱ्या भागांवर थर पुष्कळ जाड देतात.

मात्र या कृतींत विजेचा थोडाच अंश धातु बसविण्याच्या कामीं येतो. उरलेल्या विजेनें वायूचे बुडबुडे उठतात आणि ते फुटतांना आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात. त्यांनीं कातडीवर खोल व्रण पडतात, नाकाचा पडदा झिजून त्याला भोकहि पडतें. क्रोमियमच्या क्षारांनीं होणारे व्रण ग्लासगोच्या कमिन नांवाच्या वैद्यानें रंगाऱ्यांच्या हातांवर १८२७ सालींच नमूद केले होते. म्हणजे मुलाम्याचा धंदा जन्मण्याच्या शंभर वर्षें आधीं धोका ठाऊक होता. तरीहि १९२८ सालीं अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्याच्या पाहणींत मुलामा देणाऱ्यांच्या नाकांना तीच इजा आढळली. पुढें १९९० सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें षट्‌संयुजी क्रोमियमचीं संयुगें मानवांत कर्करोग उत्पन्न करणारीं ठरविलीं. आतां शोभेच्या कामास त्रिसंयुजी क्रोमियमचीं कमी अपायकारक द्रावणेंहि वापरतात.

तयार तोटीवरील धातूपासून घरांतल्या माणसांना भय नाहीं. भय आहे तें टाकीपाशीं उभ्या असणाऱ्याला. म्हणून तुषार ओढून घेणारा पंखा, हातमोजे आणि कामगाराची नियमित वैद्यकीय तपासणी यांचा खर्च त्या झळाळीच्या किंमतींत धरलाच पाहिजे.