रंगमंचावरील कान

आपल्या भाषेत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द गायकासमोर उभ्या केलेल्या माइकलाही लावतात आणि सभागृहाच्या भिंतीवर बसविलेल्या कर्ण्यालाही लावतात. व्यवहारात हा गोंधळ कोणास खटकत नाही. परंतु त्यातून एक गैरसमज मात्र रूढ झाला आहे. माइक ध्वनी फेकीत नाही, तो ध्वनी घेतो. तो यंत्राचा कान होय. हा कान कोणत्या जातीचा असावा आणि कलावंतापासून किती अंतरावर बसवावा, या प्रश्नावर मैफलीचे व नाटकाचे निम्मे भवितव्य अवलंबून असते.

दिल्लीतील मराठी मंडळींना हा प्रश्न परका नाही. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, महाराष्ट्र रंगायनाचे नाट्यगृह आहे. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, गाण्याच्या बैठकी यांच्या तयारीत “माइक लावला ना?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात, “कोणता आणि कोठे?” असे विचारणारा विरळा. म्हणून या प्रश्नाचा थोडा पूर्वेतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

1880 साली किर्लोस्करांचे शाकुंतल रंगभूमीवर आले, तेव्हा आवाज पोहोचविण्याचे काम गळ्याचे होते. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली, तेव्हाही स्थिती तीच होती. बालगंधर्वांच्या साथीला पुढे अहमदजान थिरकवा तबल्यावर आणि कादरबक्ष सारंगीवर असत; ऑर्गन असे. एवढ्या वाद्यांमधून पदाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जावा, ही जबाबदारी साथीदारांच्या हातांवर होती. शब्द आला की तबल्याचा हात हलका होई, सारंगी स्वराच्या मागे राही. समतोल राखणारे कान वाजविणाऱ्यांचेच होते.

पहिला यांत्रिक कान आला तो ध्वनिमुद्रणाबरोबर. 1902 मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी येऊन सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपावयाचे असे. ज्याचा आवाज मोठा तो मागे, ज्याचा लहान तो पुढे, ही बैठकीची नवी रीत तेथेच ठरली. 1925 पासून विजेचे मुद्रण सुरू झाले आणि हळुवार आवाजालाही प्रतिष्ठा आली. 1 जानेवारी 1936 रोजी दिल्लीचे नभोवाणी केंद्र उघडले. त्या काळी जगभर नभोवाणीत धातूच्या पातळ पट्टीच्या माइकचा मोठा प्रसार होता. तो पुढचे व मागचे ऐकतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ बहिरा असतो. त्याच्या या बहिरेपणाचा उपयोग करून वाद्यांचा तोल साधता येई.

स्टुडिओत हे जमले, कारण कर्णा दुसऱ्या घरी होता. रंगमंचावर कान आणि कर्णा एकाच छपराखाली आले. कर्ण्यातून निघालेला ध्वनी पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो आणि शिटी सुरू होते. यावर मोठा उपाय म्हणजे एका दिशेचा माइक. 1939 मध्ये शुअर कंपनीचा ‘युनिडाइन’ निघाला. त्याच घराण्यातला ‘एसएम 58’ 1966 मध्ये आला आणि आजही गावोगावच्या मंचांवर दिसतो. त्याची पाठ कर्ण्याकडे व मुख गायकाकडे ठेवावे आणि कर्णे माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस असावेत, हा पहिला नियम.

दुसरा नियम अंतराचा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ध्वनी सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणून माइक जवळ घ्यावासा वाटतो; पण एका दिशेचा माइक फार जवळ नेला की खर्ज फुगतो. डग्ग्याचा घुमारा असा फुगला म्हणजे चाटीचा बोल बुडतो. याकरिता तबल्याचा माइक दोन्ही पुड्यांच्या मध्ये, थोडा वर ठेवणे बरे. बासरीचा स्वर फुंकेच्या छिद्रातून जसा येतो तसा उघड्या बोटछिद्रांतूनही येतो. माइक थेट ओठांसमोर धरला तर स्वरापेक्षा श्वासच अधिक ऐकू येतो. तंबोऱ्याची जवारी घोडीवर जन्मते. तेव्हा माइक तबलीच्या दिशेने हवा, गवयाच्या पाठीमागे कोठेतरी नव्हे.

तिसरा नियम संख्येचा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिटीपूर्वीची मोकळीक सुमारे 3 डेसिबलने घटते. प्रत्येक वाद्यापुढे दोन-दोन माइक मांडून वैभव दिसते, गाणे मात्र गढूळ होते. नाटकात तर मंचाच्या कडेला ठेवलेले माइक संवादाआधी पावलांचा आवाज उचलतात. त्यांखाली फळीचा धक्का शोषणारा फोम घालावाच लागतो.

श्रोत्यांच्या सवयीही बदलल्या आहेत. याच पहाडगंजात 1961 साली शीला चित्रपटगृह 70 मिलिमीटरच्या पडद्यासह उघडले आणि 2017 मध्ये बंद झाले. अशा घरांतला भव्य आवाज ऐकलेला प्रेक्षक छोट्या सभागृहातील तंबोऱ्याकडूनही तोच दणका मागू लागला, तर नवल नाही. परंतु ही मागणी पुरविता पुरविता आम्ही एक अधिकार नकळत दुसऱ्याच्या हाती दिला आहे. थिरकवांचा हात जो तोल राखीत होता, तो आता मागच्या मेजाशी बसलेला माणूस राखतो; आणि त्याचे नाव जाहिरातीच्या पत्रकावर नसते, तालमीचे बोलावणेही त्याला नसते.

यंत्र टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. क्षीण पण सुरेल आवाजाला त्याने शेकडो श्रोते मिळवून दिले, हे उपकार विसरता येत नाहीत. आमचे सांगणे एवढेच की मंडळांनी ध्वनियोजकाला कलावंतांत मोजावे. त्याने प्रथम सर्व माइक बंद ठेवून तालीम ऐकावी, सभागृह स्वतः काय पोहोचविते ते पाहावे आणि जे कमी पडेल तेवढ्यापुरताच माइक उघडावा. तो कोठे बसवावा हे ठरविताना गवयाला आणि वादकालाही विचारावे. आपल्या वाद्याचा स्वर कोठून निघतो, हे त्यांना कोणापेक्षाही अधिक ठाऊक असते.