तार आणि दाताचं कवच

दात सरळ करण्याचा इतिहास म्हटलं की तारांचा इतिहास समोर येतो. आधी सोनं, मग १९३०च्या दशकापासून स्टेनलेस स्टील, १९७०च्या दशकापासून निकेल-टायटॅनियम. आज आपण तार जिथे बसते त्या जागेकडे, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाकडे बघू. या कवचाला इनॅमल म्हणतात. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. पण तो बनवणाऱ्या पेशी दात उगवताना संपून जातात, त्यामुळे गेलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही.

सुरुवात पॅरिसपासून करू. पिएर फोशार यांचा दंतवैद्यकावरचा ग्रंथ १७२८ साली प्रसिद्ध झाला. वाकडे दात धातूच्या पट्टीला दोऱ्याने बांधून ओळीत आणायची पद्धत त्यात आहे. त्याच ग्रंथात ते सांगतात, की दात किड्यामुळे किडतो असं लोक मानतात, पण सूक्ष्मदर्शकातून बघूनही तो किडा आपल्याला सापडला नाही. गोड खाण्याबद्दलही ते सावध करतात. म्हणजे दात सरळ करणं आणि दात सांभाळणं, दोन्ही एकाच माणसाचं काम होतं.

पुढे ही कामं वेगळी झाली. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वाकड्या दातांचं वर्गीकरण मांडलं आणि १९०० मध्ये सेंट लुइसला फक्त याच विषयाची शाळा काढली. शास्त्र झपाट्याने पुढे गेलं, यात शंका नाही. पण दात सरकवणारा डॉक्टर वेगळा आणि कीड बघणारा वेगळा, अशी वाटणी झाली.

त्या काळी जवळपास प्रत्येक दाताला धातूचं कडं बसवायचे आणि ते सिमेंटने चिकटवायचे. लाळेने सिमेंट विरघळलं की कड्याखाली फट पडायची, फटीत अन्न आणि जंतू साचायचे. वरून काहीच दिसायचं नाही. कडं काढल्यावरच कळायचं, आत काय झालंय ते!

आता गंमत बघा. या कड्यांमधून सुटका झाली ती कीड थांबवण्याच्या प्रयत्नातून. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मायकेल बुओनोकोरे यांच्यापुढे प्रश्न होता, की दातावर प्लॅस्टिकसारखं भरण टिकवायचं कसं? कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यांनी तेच इनॅमलवर अर्धा मिनिट लावून पाहिलं. आम्लाने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि भरण त्यात शिरून पकड घेतं. हा शोधनिबंध १९५५चा. दाढांच्या खाचा बंद करून कीड रोखता येईल, ही कल्पनाही त्यात होती.

दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, जॉर्ज न्यूमन यांनी हीच युक्ती वापरून ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याची पद्धत मांडली. हळूहळू कडी फक्त दाढांपुरती उरली. दात स्वच्छ ठेवणं सोपं झालं, असं वाटलं.

पण ब्रॅकेटच्या कडेला नवा आडोसा तयार झाला. तिथे थर साचतो, जंतू साखरेचं आम्ल करतात आणि इनॅमलमधलं कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडतं. कवच आतून सच्छिद्र होतं, म्हणून पांढरं दिसतं. ब्रॅकेट काढल्यावर मधला भाग स्वच्छ आणि भोवती पांढरी चौकट! १९८२ मध्ये गोरेलिक आणि सहकाऱ्यांनी मोजणी केली, तेव्हा उपचार झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या निदान एका दातावर असा डाग आढळला. थर साचत राहिला तर चार आठवड्यांतही डाग दिसू शकतो, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं. उपचार तर दीड-दोन वर्षं चालतो.

यावर उपाय शोधले गेले. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास तयार झालेलं ग्लास आयनोमर सिमेंट हळूहळू फ्लोराइड सोडतं, म्हणून ते कड्यांसाठी वापरात आलं. फ्लोराइडच्या चुळांनी डाग कमी होतात, हेही दिसलं. पण चूळ भरायची कोणी? बारा-तेरा वर्षांच्या मुलाने, रोज, कोणी न सांगता. कुठल्याही सिमेंटने ही अडचण पूर्ण सुटलेली नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, की फोशारांच्या ग्रंथात एकत्र असलेली दोन कामं पुन्हा एकत्र यायला हवीत. आपल्याकडे मुलाला तार लावायची ठरली की पालक दोन प्रश्न विचारतात: खर्च किती आणि वेळ किती? तिसराही विचारावा: आज याच्या हिरड्या आणि दात तार पेलण्याइतके स्वच्छ आहेत का? उत्तर ‘नाही’ असेल, तर काही महिने थांबून आधी ब्रश करायची सवय लावावी. दात नंतरही सरळ करता येतात.

इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.