गोदाकाठचा नाताळ : शब्द, कीर्तन आणि गाव

१

महाराष्ट्रातील ख्रिस्ती सणांचा विचार आजवर बहुधा किनाऱ्याच्या बाजूने झाला आहे. गोवा, वसई, मुंबई ह्या प्रदेशांत पोर्तुगीज सत्तेबरोबर आलेला कॅथलिक पंथ, तेथील देवालये आणि तेथील नाताळ हाच नमुना अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर असतो. घाटमाथ्यावरील नाताळ म्हणजे ह्या नमुन्याची, अथवा इंग्रजी नमुन्याची, फिकट प्रत होय; मूळ सण परदेशी, त्यावर पुढे देशी वेष चढविण्यात आला, अशी समजूत त्यातून रूढ झाली. ही समजूत गोदावरीच्या खोऱ्यापुरती कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

येथे अभिप्रेत असलेला प्रदेश अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) व जालना येथून पूर्वेस परभणीपर्यंतचा आहे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गाव गोदावरी आणि पूर्णा ह्या दोन नद्यांमधील काळ्या जमिनीच्या पट्ट्यात आहे. ज्वारी, कापूस आणि तूर ही ह्या पट्ट्याची ओळख; नामदेवांच्या परंपरेतील जनाबाईंचे गंगाखेड येथून दूर नाही. जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकाहूनही कमी आहे. अशा प्रदेशात नाताळासारखा सण रुजावयाचा तर तो संख्येच्या वा सत्तेच्या बळावर रुजणे शक्य नव्हते. गावाच्या भाषेत आणि गावाच्या ऋतुचक्रात त्याला जागा मिळणे आवश्यक होते. ती जागा कशी मिळाली, हा खरा प्रश्न आहे.

२

प्रथम शब्दांची साक्ष घ्यावी. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला असून त्याच्या मुळाशी 'जन्मासंबंधी' ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. 'पाद्री', 'क्रूस', 'मिस्सा' हे शब्द त्याच वाटेने मराठीत उतरले. जेथे पोर्तुगीज राज्य कधीच नव्हते, त्या अहमदनगर-जालन्याकडील प्रॉटेस्टंट ख्रिस्त्यांनीही सणाचे नाव 'नाताळ' हेच ठेवले. इंग्रजी 'ख्रिसमस' हा शब्द शहरी वापरात पुढे आला. 'ख्रिस्तजयंती', 'ख्रिस्तजन्मोत्सव' ही संस्कृत घडणीची नावे लेखनात राहिली. उर्दू-हिंदीतील 'बडा दिन' हे नाव, निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू असूनही, मराठी छापील वाङ्मयात रुजले नाही.

ह्या ठिकाणी एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. प्रॉटेस्टंट भाषांतरकारांनी बायबलच्या मराठी पाठात 'क्रूस' न ठेवता 'वधस्तंभ' हा शब्द योजला; मग त्यांनी 'नाताळ' तेवढा का राहू दिला? ह्याचे उत्तर सरळ आहे. बायबलात येशूच्या जन्माची कथा आहे, परंतु त्या जन्माच्या सणाचे नाव नाही. जे मूळ पाठातच नाही त्यासाठी भाषांतरकाराला शब्द घडवावा लागला नाही, आणि लोकांच्या तोंडी आलेला शब्द तसाच राहिला. धर्मग्रंथाची भाषा पंडितांनी ठरविली. सणाची भाषा लोकांनी ठरविली.

हाच न्याय सणाच्या पदार्थांना लागू पडतो. गोव्यात नाताळच्या गोडधोडाला 'कुसवाड' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'कोंसोआदा'पासून आला. घाटमाथ्यावर मात्र करंज्या, शंकरपाळी, चकल्या आणि लाडू ह्यांना 'फराळ' असेच म्हणतात. दारातील चांदणी ही दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण होय, आणि अंगणात रांगोळी असते ती रांगोळी ह्याच नावाने. किनाऱ्यावर सणाचे नाव आणि सणाचे ताट दोन्हींवर पोर्तुगीज मुद्रा आहे. गोदाकाठी मुद्रा केवळ नावावर आहे, ताट सर्वस्वी घरचे आहे.

३

येथवर कोणी असे म्हणेल की, ताट घरचे असले तरी सण मिशनऱ्यांनीच आणला. ह्या आक्षेपाचा विचार करताना ते मिशनरी कोणत्या परंपरेतून आले होते हे पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली अहमदनगर येथे त्यांचे ठाणे झाले. हे लोक न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्युरिटन परंपरेचे वारस होते. ह्या परंपरेने नाताळ हा बायबलात आधार नसलेला सण मानला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास दंड ठरविण्यात आला. तो कायदा १६८१ साली उठला, तरी तेथे ह्या दिवसाला सार्वजनिक सुटी मिळण्यास १८५६ साल उजाडले. जालन्याच्या बाजूस काम करणारे मिशन स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतही नाताळास स्थान नव्हते. त्या देशात नाताळाची सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या दोन्ही पंथांचा सणाविषयीचा कठोरपणा हळूहळू ओसरला हे खरे. तथापि आपल्या घरी ज्यांनी हा सण नुकता स्वीकारावयास आरंभ केला होता, त्यांच्याजवळ देण्यासारखे नाताळाचे समृद्ध विधी नव्हते. कॅथलिक मिशनरी ह्याच भूमीत १८७८ पासून कार्य करू लागले आणि त्यांनी मध्यरात्रीची मिस्सा व गव्हाणीचा देखावा आणला. परंतु ज्या प्रॉटेस्टंट वस्त्यांतून मराठी ख्रिस्ती गीतवाङ्मय प्रथम बहरले, तेथे सणाची चौकट जवळजवळ रिकामी होती. ती भरली गेली ती मराठी जन्मोत्सवाच्या सामग्रीने. देशी वेष हा येथे परक्या देहावर चढविलेला अलंकार नव्हे. बऱ्याच अंशी तोच सणाचा देह होय.

४

ही सामग्री कोणती, हे सांगणे कठीण नाही. मराठी गावाला देवाचा जन्म साजरा करण्याची रीत अवगत होती. रामनवमीस दोन प्रहरी आणि गोकुळाष्टमीस मध्यरात्री कीर्तन रंगते, कथेत जन्माचा क्षण येतो, पाळणा हलतो, स्त्रिया पाळणा म्हणतात आणि प्रसाद वाटला जातो. नाताळाच्या कथेतही रात्र आहे, बालक आहे, आणि त्याच्या जिवावर उठलेला राजा आहे. कंस ज्यांना ठाऊक, त्यांना हेरोद समजावून सांगावा लागला नाही.

१८६० च्या दशकात अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव रत्नोजी सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. नमन, पूर्वरंग आणि उत्तररंग ही मांडणी, साकी-दिंडी-आर्या ही वृत्ते, झांज-मृदंगाची साथ हे सर्व कायम राहिले. आख्यान मात्र बायबलातील आले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि भजने विपुल रचली, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेचे गीत संतवाणीच्या चालीवर आणले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळकांनी पुरे केले. त्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी गोव्यात राशोल येथे मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' छापविले होते. परंतु नगरकडील कीर्तनकारांनी ओवी व अभंग घेतला तो गोव्याच्या ग्रंथावरून नव्हे, तर आपल्या गावच्या पारावरून.

ह्या स्वीकाराचे मोल केवळ वाङ्मयीन नाही. गोदाकाठी ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. जालन्यानजीक नारायण शेषाद्री ह्यांनी सर सालारजंगांच्या कारकीर्दीत मिळालेल्या जमिनीवर वसविलेले 'बेथेल' हे खेडे प्रामुख्याने अशाच कुटुंबांचे होते. बेथेल ह्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'देवाचे घर'. ज्यांना गावच्या देवळात पाय ठेवता येत नव्हता त्यांच्या वस्तीला हे नाव मिळाले, ह्यातील अर्थ स्पष्ट आहे. चोखोबांची परंपरा महाद्वारापाशी थांबलेली होती. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ साली, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. त्यापूर्वी जवळजवळ आठ दशके ख्रिस्ती कीर्तनात ह्याच समाजातील माणूस कीर्तनकाराच्या जागी उभा राहिला होता. त्याने परके वाद्य हाती घेतले नाही. जे वाद्य त्याला देवळाबाहेरून ऐकावे लागे तेच हाती घेतले. म्हणून ख्रिस्ती कीर्तनाला 'अनुकरण' म्हणणे अन्यायाचे होईल. तो एका सामाईक वारशावर केलेला हक्क होता.

५

गावाच्या ऋतुचक्राकडे वळता हाच प्रकार दिसतो. २५ डिसेंबर हा दिवस सौर गणनेचा. गावचे सण, संक्रांत वगळता, बहुतेक चांद्र तिथीचे. त्यामुळे नाताळ कधी मार्गशीर्षात तर कधी पौषात येतो. चंपाषष्ठी आणि दत्तजयंती आटोपलेली किंवा जवळ आलेली असते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस भरते, आणि कित्येक वर्षी ती व नाताळ एकाच पंधरवड्यात येतात. लातूर-धाराशिव भागात व लगतच्या गावांत वेळा अमावास्येस शेतात पूजा व जेवण होते. कापसाची वेचणी चाललेली असते, शाळू कणसावर येत असतो, हुरड्याचे दिवस तोंडावर असतात. हात कामात आणि घरात थोडे धान्य, असा हा काळ. सणाला ह्याहून अनुकूल जागा गावच्या वर्षात क्वचितच सापडेल.

कथेतील वस्तूही ह्याच भूमीतील आहेत. मराठी बायबलात बालक 'बाळंत्या'त गुंडाळून 'गव्हाणी'त ठेवल्याचे वर्णन आहे. गव्हाण हा शब्द संस्कृत 'गवादनी'शी जोडला जातो: गाईने जेथे खावे ती जागा. शहरात गव्हाण ही देखाव्याची वस्तू होय; ताडकळससारख्या गावी ती गोठ्यात असते आणि तिच्यात सकाळ-संध्याकाळ कडबा पडतो. बाळ गव्हाणीत ठेवावे लागले ह्यातील दारिद्र्य शेतकऱ्याला समजावून द्यावे लागत नाही. तीच गोष्ट मेंढपाळांची. हंगाम संपलेल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसविणे, धनगरांचा वाडा उघड्यावर उतरणे, थंडीच्या रात्री कळपाची राखण करणे हे दृश्य मराठवाड्यात नित्याचे. कथेतील 'मागी लोक' मात्र शब्दासकट परकेच राहिले. राजवाड्याकडून आलेली पात्रे दूर राहिली आणि गोठ्यातील व रानातील पात्रे घरची झाली, हा योगायोग मानता येत नाही.

६

ह्या चित्राला दुसरी बाजू आहे आणि तिचा उल्लेख टाळणे इतिहासाला धरून होणार नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर मराठवाड्यातील महार समाजाचा मोठा भाग बौद्ध झाला. त्यामुळे ज्या समाजांतून ख्रिस्ती वस्त्या घडल्या, त्यांच्या स्मृतीत ह्या एकाच दिवसाला दोन अर्थ प्राप्त झाले: एक जन्माचा, दुसरा मुक्तीच्या प्रतिज्ञेचा.

ह्याच्या जोडीला कायद्याचा भाग येतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित झाला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश करण्यात आला, ख्रिस्त्यांचा झाला नाही. ज्या कुटुंबाला शिष्यवृत्ती वा नोकरी ह्यांसाठी ह्या दर्जाची गरज आहे, त्याच्या दृष्टीने दारात चांदणी लावणे ही केवळ हौसेची बाब उरत नाही. धर्माचा रकाना आणि घरातील सण ह्यांच्यात अंतर पडण्यास येथे कारण आहे. म्हणून ग्रामीण नाताळाचा इतिहास केवळ शिरगणतीच्या आकड्यांवरून लिहू पाहणारा अभ्यासक फसण्याचा संभव आहे. त्याने पाळण्याचे शब्द, भजनाच्या चाली आणि पदार्थांची नावे ह्यांकडेही पुरावा म्हणून पाहिले पाहिजे.

सारांश, गोदाकाठचा नाताळ ही किनाऱ्याची अथवा विलायतेची प्रत नव्हे. त्याचे नाव पोर्तुगीजांकडून आले, कथा बायबलातून आली, परंतु साजरे करण्याची रीत मराठी जन्मोत्सवाची, आणि ती रीत ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवून शिकावी लागली त्यांनी ती आपलीशी केलेली आहे. शहरांतून 'ख्रिसमस' हा शब्द, केक आणि लाल डगल्यातील सांता गावाकडे पोहोचत असताना ह्या रीतीची नोंद होणे निकडीचे आहे. ख्रिस्ती कीर्तनाची आख्याने आणि स्त्रियांच्या मुखातील नाताळचे पाळणे गावोगाव ध्वनिमुद्रित करून त्यांची बोलीनिहाय तुलना करणे, हे पदव्युत्तर संशोधनाचे एक मोठे क्षेत्र आहे. आणि ते काम ही गाणी म्हणणारी पिढी हयात आहे तोवरच होऊ शकेल.