घरचा आहेर

प्रतिपक्षावर टीका करावयास फारसें धैर्य लागत नाहीं. टाळ्या वाजविण्यास आपलीच माणसें सज्ज असतात. परंतु आपला पक्ष विजयाच्या भरांत असतांना त्या विजयाला शरणागति म्हणणें, आणि त्यासाठीं हातचें मंत्रिपद सोडणें, ही गोष्ट निराळी आहे. इंग्लंडच्या इतिहासांत इ. स. १८६७ मध्यें असा एक प्रसंग घडला. स्वपक्षाला हा घरचा आहेर करणारे गृहस्थ म्हणजे लॉर्ड क्रॅनबोर्न. पुढें हेच लॉर्ड सॉल्सबरी या नांवानें तीन वेळां इंग्लंडचे मुख्य प्रधान झाले.

रॉबर्ट सेसिल यांचा जन्म १८३० चा. एलिझाबेथ राणीच्या अमदानीपासून राजकारणांत मुरलेलें त्यांचें घराणें. १८५३ सालीं ते कॉमन्स सभेंत बिनविरोध निवडून आले. १८५७ सालीं वडिलांच्या मर्जीविरुद्ध विवाह केल्यामुळें संसाराला हातभार म्हणून त्यांनीं नियतकालिकांत लेखन आरंभिलें, आणि त्यांची लेखणी तिखट म्हणून गाजली. १८६५ सालीं वडील बंधु वारल्यावर 'क्रॅनबोर्न' हा किताब त्यांजकडे आला, आणि पुढील वर्षाच्या जुलै महिन्यांत लॉर्ड डर्बी यांच्या हुजूरपक्षीय मंत्रिमंडळांत ते भारतमंत्री झाले.

त्या वेळीं ओरिसांत भयंकर दुष्काळ पडला होता. काळजीचें कारण नाहीं, या अधिकाऱ्यांच्या अहवालावर विश्वास ठेवून क्रॅनबोर्न सुमारें दोन महिने स्वस्थ राहिले. तोंवर पावसाळ्यानें ओरिसाचीं बंदरें बंद झालीं, आणि लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. या दोषांतून आपण मुक्त झालों असें त्यांना पुढें कधींच वाटलें नाहीं. दुसऱ्यानें दिलेल्या आश्वासनावर विसंबूं नये, हा धडा त्यांनीं या घटनेपासून घेतला असावा. पुढील हकीकत पाहतां तरी तसेंच दिसतें.

याच वर्षीं ग्लॅडस्टन यांनीं मताधिकार वाढविण्याचें बिल आणलें होतें. शहरांत सात पौंड भाड्याच्या घरांत राहणाऱ्यास मत द्यावें, एवढीच त्यांतील मागणी होती. एवढ्यानेंहि राज्य बुडेल अशी हाकाटी हुजूरपक्षानें केली, उदारपक्षांतील असंतुष्टांना हाताशीं धरलें आणि तें बिल हाणून पाडलें. उदारपक्षाचें मंत्रिमंडळ गेलें व हुजूरपक्ष अधिकारावर आला. जुलैमध्यें लंडनच्या हाइड पार्कचे कठडे जमावानें मोडले. सुधारणेची मागणी आतां टाळतां येणार नाहीं हें सर्वांनाच कळून चुकलें. प्रश्न उरला तो एवढाच कीं, तिचें श्रेय कोणी घ्यावें?

डर्बी व कॉमन्स सभेंतील पुढारी डिझरायली यांनीं ठरविलें कीं, आपणच घ्यावें. शहरांतील प्रत्येक कुटुंबप्रमुखास मत द्यावें, मात्र घरपट्टी स्वतः भरण्याची अट घालावी आणि धनिकांना जादा मत देऊन तोल सांभाळावा, अशी त्यांची योजना होती. शनिवार, २३ फेब्रुवारी १८६७ रोजीं मंत्रिमंडळानें तिला होकार दिला. दुसऱ्या दिवशीं रविवार. क्रॅनबोर्न आंकड्यांचे तक्ते घेऊन बसले व एकेका शहराचा हिशेब करूं लागले. लहान शहरांत हा तोल मुळींच टिकणार नाहीं, असें त्यांना दिसून आलें. रात्रीं त्यांनीं डर्बींना पत्र पाठविलें. सोमवारीं पक्षाच्या बैठकीपूर्वीं घाईघाईनें मंत्रिमंडळ भरलें, आणि घटकाभरांत दुसरेंच सौम्य बिल तयार झालें. तें कोणासच रुचलें नाहीं. मुख्य योजनेकडे परतण्याचें ठरतांच २ मार्च रोजीं क्रॅनबोर्न, लॉर्ड कार्नार्व्हन आणि जनरल पील यांनीं राजीनामे दिले.

त्यानंतर जें घडलें त्यानें क्रॅनबोर्न यांची शंका खरी ठरविली. धनिकांचें जादा मत गेलें. रहिवासाची मुदत दोन वर्षांवरून एकावर आली. मे महिन्यांत उदारपक्षीयांची एक सूचना डिझरायलींनीं मंत्रिमंडळास न विचारतांच मान्य केली, आणि ज्यांची घरपट्टी मालक भरीत असे असे लाखों भाडेकरी मतदार झाले. बिल मोडलें तर अधिकार जाईल, म्हणून जो जें मागेल तें त्यास मिळूं लागलें. १५ ऑगस्टला कायदा झाला. इंग्लंड व वेल्समधील मतदारांची संख्या सुमारें दहा लाखांवरून वीस लाखांच्या घरांत गेली. स्वतः डर्बींनीं लॉर्डांच्या सभेंत या कृत्यास अंधारांतील उडी म्हटलें!

ऑक्टोबरांत 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या त्रैमासिकांत 'हुजूरपक्षाची शरणागति' या अर्थाच्या मथळ्याचा एक निनावी लेख आला. लेखणी कोणाची हें ओळखावयास कोणास वेळ लागला नाहीं. क्रॅनबोर्न यांचा आक्षेप दुहेरी होता. संख्येच्या बळावर मालमत्तेचें रक्षण होणार नाहीं ही त्यांची भीति होती. पण त्याहूनहि खोल त्यांचा संताप होता. काल ज्या गोष्टीस विरोध करण्यासाठीं मतें मागितलीं, ती आज दुपटीनें देऊन टाकणें हा मतदारांचा विश्वासघात आहे, असें त्यांचें म्हणणें. पुढाऱ्याच्या शब्दावर भरंवसा उरला नाहीं तर पार्लमेंट ही बोली लावण्याची पेठ होईल. १८४६ सालीं धान्यावरील जकात उठविल्याबद्दल सर रॉबर्ट पील यांना विश्वासघातकी म्हणून झोडपणारे डिझरायलीच होते, हेंहि येथें आठवावें. तथापि कायदा झाल्यावर पराभव मोकळ्या मनानें मानून तो यशस्वी करण्यास झटावें, असेंच त्या लेखाच्या अखेरीस सांगितलें आहे.

लोकानुनयाचें फळ काय मिळालें? १८६८ च्या निवडणुकींत नव्या मतदारांनीं हुजूरपक्षाला घरीं बसविलें. ग्लॅडस्टन शंभरांहून अधिक मताधिक्यानें निवडून आले. ज्यांना खूष करण्यासाठीं तत्त्वें विकलीं, त्यांनीं किंमतहि दिली नाहीं.

पण इतिहासानें क्रॅनबोर्न यांनाहि सोडलें नाहीं. ज्यांना त्यांनीं कठोर दोष दिला, त्याच डिझरायलींच्या हाताखालीं १८७४ सालीं ते पुन्हा भारतमंत्री झाले. ज्या मतदारवर्गाची त्यांनीं धास्ती घेतली होती, त्यानेंच पुढें १८८६, १८९५ आणि १९०० सालीं त्यांच्या पक्षाला व मित्रपक्षाला विजय दिला. मालमत्ता बुडाली नाहीं. आणि १८८८ सालीं एडिंबरो येथें, इंग्रज मतदार काळ्या मनुष्यास निवडून देण्याइतके पुढें गेलेले नाहींत, असें दादाभाई नौरोजींना उद्देशून ते बोलले. चारच वर्षांनीं लंडनमधील फिन्सबरीच्या मतदारांनीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतील या माजी प्राध्यापकास मूठभर मतांच्या आधिक्यानें कां होईना, पार्लमेंटांत पाठविलें. सामान्य मतदाराची पारख चुकली ती सॉल्सबरी यांचीच!

तेव्हां १८६७ चा निवाडा दोन भागांत करावा लागतो. लोकांविषयींचें क्रॅनबोर्न यांचें मत खोटें ठरलें. पुढाऱ्यांविषयींचें खरें ठरलें. लोकांना हक्क देणें योग्यच होतें, परंतु ते ज्यांनीं दिले त्यांनीं लोकांवरील विश्वासानें दिले नाहींत. खुर्चीच्या मोहानें दिले. लोकांवर विश्वास असणारा पुढारी त्यांना नकोशी गोष्टहि तोंडावर सांगतो. लोकांची केवळ भीति किंवा गरज असणारा मात्र त्यांच्या पुढें पुढें करतो. हा भेद स्वपक्षांत उभें राहून, पद सोडून, एका माणसानें दाखवून दिला. त्याचीं मतें टाकून द्यावींत. त्याचा राजीनामा मात्र जपून ठेवावा.