वास्तू, उद्यान आणि अभ्यागत : पुण्याच्या आगाखान पॅलेसचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तूला भेट देणारा अभ्यागत तेथे इतिहास पाहतो की केवळ वास्तू पाहतो, हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. वास्तू भव्य असेल आणि तिच्याभोवती रमणीय उद्यान असेल, तर हा प्रश्न अधिकच गंभीर बनतो. पुण्यातील येरवडा परिसरात, नगर रस्त्यालगत उभा असलेला आगाखान पॅलेस हे याचे ठळक उदाहरण होय. ज्या वास्तूची ऐतिहासिक ओळख बंदिवासाची आहे, ती अभ्यागताच्या मनात मात्र महालाची प्रतिमा निर्माण करते. या विसंगतीची कारणे शोधणे आणि अध्यापकाच्या दृष्टीने तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वास्तूची पार्श्वभूमी

हा वाडा इ. स. १८९२ मध्ये सुलतान मोहम्मद शाह, म्हणजेच तिसरे आगाखान, यांनी बांधला. कमानींच्या रांगा, चारही बाजूंनी फिरणारे व्हरांडे, प्रशस्त दालने आणि समोरची हिरवळ ही त्याची वैशिष्ट्ये होत. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले गेले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. अभ्यागतांच्या मनावर याच माहितीचा ठसा सर्वाधिक उमटतो. तथापि तिसऱ्या आगाखानांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ चा असल्याने १८९२ मध्ये त्यांचे वय जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे होते. शिवाय दख्खनचे मोठे दुष्काळ १८७६-७८ आणि १८९६-९७ या काळातील आहेत. त्यामुळे हे स्पष्टीकरण जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी त्याची कालक्रमाशी पडताळणी होणे आवश्यक ठरते. दातृत्वाची कथा ऐकण्यास सुखद असते. म्हणूनच ती तपासली जात नाही.

महालातील तुरुंग

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांना अटक करण्यात आली. गांधीजींना आगगाडीने चिंचवड स्थानकापर्यंत व तेथून मोटारीने या वाड्यात आणण्यात आले. कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नय्यर दोन दिवसांनी, तर प्यारेलाल त्यानंतर येथे दाखल झाले. वाड्याभोवती काटेरी तारांचे कुंपण आणि सशस्त्र पहारा होता. गांधीजींच्या येथून गेलेल्या पत्रांवर स्थळ म्हणून वाड्याचे नाव नसून 'डिटेन्शन कॅम्प' असा उल्लेख आढळतो.

बंदिवास सुरू होऊन एक आठवडाही उलटला नव्हता, तोच १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाईंचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे वाड्याच्याच वर्षाचा. त्यांचे दहन याच आवारात झाले आणि गांधीजी त्या स्थानी नित्यनेमाने फुले वाहू लागले. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात गांधीजींनी येथे एकवीस दिवसांचे उपोषण केले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी येथेच देह ठेवला. त्यांनाही याच आवारात अग्नी देण्यात आला. पुढे गांधीजींना हिवतापाने गाठले व ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. ते आत आले तेव्हा पत्नी आणि सचिव दोघेही होते; जवळजवळ एकवीस महिन्यांनी बाहेर पडताना दोघांच्याही समाध्या मागे राहिल्या.

विशेष लक्षणीय बाब अशी की, या प्रशस्त जागेचा सर्वात कठोर टीकाकार तिच्यात डांबलेला कैदीच होता. आपल्याला येथे ठेवण्यासाठी होणारा खर्च हा जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे आणि आपल्याला साध्या तुरुंगात हलवावे, अशी भूमिका गांधीजींनी सरकारशी केलेल्या पत्रव्यवहारात मांडली होती. आज अभ्यागत ज्या भव्यतेचे कौतुक करतो, ती त्या कैद्याला सलत होती.

अभ्यागताचा अनुभव

१९६९ मध्ये, गांधीजी आणि कस्तुरबा या दोघांच्याही जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथे आगाखान यांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली. २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित केले. आज येथे छायाचित्रे, वापरातील वस्तू आणि दालने पाहता येतात. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचना केलेल्या समाध्या मात्र वाड्याच्या मागील बाजूस आहेत.

या मांडणीचा परिणाम प्रस्तुत लेखकाने पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांसह दिलेल्या भेटीत अनुभवला. प्रवेश करताच विद्यार्थी हिरवळीवर विखुरले, कमानींपुढे छायाचित्रे निघाली, दालनांतील चित्रे घाईने पाहिली गेली आणि परतीच्या बसची वेळ झाली. निम्मे विद्यार्थी समाध्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत. पुढील तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढ्या सुंदर जागी ठेवले होते, तर मग त्याला तुरुंगवास का म्हणायचे?" हा प्रश्न विद्यार्थिनीचे अज्ञान दाखवीत नाही, भेटीचा क्रम ठरविताना अध्यापकाकडून झालेली चूक दाखवितो. उद्यानाने तिला जे सांगितले, तेच तिने प्रामाणिकपणे विचारले होते.

या संदर्भात मुंबईच्या गावदेवी भागातील मणिभवनाशी तुलना उद्बोधक ठरते. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत तेथे उतरत असत. शांत रस्त्यावरच्या त्या घराला असे विस्तीर्ण उद्यान नाही. अभ्यागत थेट आत जातो आणि बैठकीची साधी खोली पाहतो. तेथे वास्तू आणि व्यक्ती यांच्यात विरोध जाणवत नाही. आगाखान पॅलेसमध्ये हा विरोध हाच इतिहासाचा गाभा आहे आणि तो समजावून सांगावा लागतो.

समारोप

उद्यान हा इतिहासाचा शत्रू नव्हे. नागरिकाने झाडाखाली निवांत बसावे यात गैर काही नाही. सार्वजनिक जागेचा तो हेतूच आहे. परंतु या आवाराच्या मातीत दोन चिता जळल्या आहेत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. त्या दृष्टीने शैक्षणिक भेटींचा क्रम उलटा करावा, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना प्रथम समाध्यांपाशी न्यावे, तेथे बंदिवासाचा घटनाक्रम सांगावा, त्यानंतर दालने दाखवावीत आणि हिरवळ शेवटी ठेवावी. भेटीपूर्वी डॉ. सुशीला नय्यर यांच्या 'बापू की कारावास-कहानी' या ग्रंथातील निवडक भागाचे वाचन करून घ्यावे. यासाठी खर्च लागत नाही, परवानगी लागत नाही. लागते ती केवळ अध्यापकाची पूर्वतयारी. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर वर्गात देता येते. पण ते समाधीपाशी उभे राहून दिले, तर महालालाही तुरुंग का म्हणतात हे वेगळे सांगावे लागणार नाही.