बोलका पडदा

अंध मनुष्यास दुसऱ्याच्या मुखानें ग्रंथ ऐकण्याची सोय प्राचीन काळापासून होती. परंतु संगणकाच्या पडद्यावरील मजकूर त्यास कोणाच्या मिनतवारीशिवाय, हवा तेथें थांबून, हवा तितका ऐकतां यावा, ही सोय उणीपुरी चाळीस वर्षांची आहे. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. हें यंत्र नव्हे, यंत्रांत वसणारी आज्ञावली होय. तिचा इतिहास पाहूं लागलें असतां असें दिसतें कीं, आपलें काम एकदां शिकून तिचें कधींच भागलें नाहीं. पायाखालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली कीं तिला पुन्हां मुळाक्षरें गिरवावीं लागलीं.

आरंभीं काम त्या मानानें सोपें होतें. १९८१ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्यावरील डॉस ही सिस्टिम पडद्यावर अक्षरांखेरीज फारसें कांहीं दाखवीत नसे. पडद्यावर २५ ओळी, प्रत्येक ओळींत ८० अक्षरें, मिळून २००० घरें. आणि प्रत्येक घरांतील अक्षराचा सांकेतिक अंक संगणकाच्या स्मृतींत ठराविक जागीं ठेवलेला. तो उचलावा आणि वाणी उत्पन्न करणाऱ्या यंत्राकडे धाडावा, एवढेंच करावयाचें. काय वाचावें आणि काय वगळावें, हें ठरविण्यांतच खरें कौशल्य होतें.

आय्. बी. एम्. च्या संशोधनशाळेंत जिम थॅचर नांवाचे गणिती होते. त्यांचे गुरु व सहकारी जेसी राइट हे अंध. ह्या दोघांच्या खटपटीतून जी आज्ञावली निर्माण झाली, ती १९८६ सालीं ‘स्क्रीन रीडर’ ह्याच नांवानें कंपनीनें विक्रीस काढली. पुढें हें विशेषनामच साऱ्या जातीचें सामान्यनाम झालें. तिजबरोबर १८ कळांचा एक निराळा फलक येई, म्हणजे वाचनाच्या आज्ञा आणि लिहिण्याच्या कळा ह्यांची गल्लत होत नसे. दुसरे टेड हेंटर हे मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ. १९७८ सालीं मोटारीच्या अपघातांत त्यांची दृष्टि गेली. पुढें त्यांनीं संगणकशास्त्राचा अभ्यास केला, १९८७ सालीं बिल जॉइस ह्यांच्या भागीदारींत फ्लॉरिडा येथें कंपनी काढली, आणि १९८९ सालीं ‘जॉज’ ही आज्ञावली बाजारांत आणली. ह्या आद्याक्षरी नांवाचा विस्तार ‘वाणीच्या द्वारें नोकरींत प्रवेश’ असा होतो. त्यांत अतिशयोक्ति मुळींच नव्हती.

परंतु हा प्रवेश मिळतो न मिळतो तोंच दाराचीच रचना बदलूं लागली. मॅकिंटॉश आणि विंडोज ह्या नव्या पद्धतींत पडदा अक्षरांचा राहिला नाहीं, चित्राचा झाला. पूर्वी जेथें अक्षराचा अंक सांपडे, तेथें आतां नुसता ठिपक्यांचा पुंजका. डोळसास ती सुधारणा वाटली. अंधाच्या दृष्टीनें ती कोणीं वही काढून घेऊन तिचें छायाचित्र हातीं ठेवावें तशी होती. १९८९ सालीं बर्कली सिस्टिम्स ह्या कंपनीनें मॅकिंटॉशसाठीं ‘आउटस्पोकन’ काढून ह्या अडचणींतून प्रथम वाट काढली. युक्ति अशी कीं, पडद्यावर चित्र उमटण्यापूर्वी एखादी आज्ञावली सिस्टिमला ‘हा शब्द ह्या जागीं लिही’ असा हुकूम देते; तो हुकूम वाटेंतच ऐकावा आणि पडद्याची एक गुप्त नक्कल आपल्यापाशीं लिहून ठेवावी. युक्ति मोठी चतुराईची, पण तितकीच नाजूक. हुकूम जाण्याची वाट बदलली कीं नक्कल कोरी.

हेंटर ह्यांची विंडोजवरील ‘जॉज’ १९९५ च्या जानेवारींत आली. त्याच वर्षीं ऑगस्टांत मायक्रोसॉफ्टनें विंडोज ९५ प्रसिद्ध केलें, आणि सात महिन्यांत कामास पुन्हां आरंभ करावा लागला! येथें प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. डॉसच्या जोरावर जे अंध कारकून व आज्ञावलीकार पोटापाण्यास लागले होते, त्यांच्या कचेऱ्या नव्या पद्धतीकडे वळत होत्या. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अंधविषयक खात्यानें सरकारी खरेदीच रोखण्याची धमकी दिली, तेव्हां कंपनीस जाग आली. १९९७ सालीं तिनें ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ ही व्यवस्था दिली. तिच्या योगानें बटण स्वतःच ‘मी बटण आहें, माझें नांव अमुक’ असें सांगूं शके. चोरून ऐकण्याचें कारण उरत नसे. गंमत ही कीं, त्याच वर्षीं निघालेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें आपलीच ही व्यवस्था वगळली. ओरड झाली, आणि वर्ष संपण्यापूर्वी सुधारलेली आवृत्ति काढावी लागली. हुकूम सुटणें निराळें आणि घरांतल्यांनीं तो पाळणें निराळें.

पुढील घडामोडी थोडक्यांत सांगण्याजोग्या आहेत. २००५ सालीं ॲपलनें ‘व्हॉइसओव्हर’ आपल्या सिस्टिममध्येंच घातलें, म्हणजे घर बदलणाऱ्यानेंच जिना बांधण्याची जबाबदारी पत्करली. मायक्रोसॉफ्टनें २००६ च्या अखेरीस अधिक विस्तृत अशी नवी व्यवस्था आणली, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून पडद्याची नक्कल घेण्याच्या जुन्या साधनांस मज्जाव केला. ऑस्ट्रेलियांत मायकेल करन ह्या अंध तरुणानें २००६ सालीं ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतली. ती मुख्यतः अशा अधिकृत व्यवस्थांवर विसंबते, शिवाय ती विनामूल्य आहे. ‘जॉज’ साठीं शेंकडों डॉलर मोजावे लागत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे हिंदुस्थानांतील अंध विद्यार्थ्यांस ह्या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व किती, हें सांगावयास नको.

एनव्हीडीए बरोबर येणारा ‘ईस्पीक’ हा आवाज मराठीही बोलतो. कांहींसा यांत्रिक सुरांत, पण बोलतो. मात्र त्यासाठीं मजकूर युनिकोडांत असावा लागतो. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो, परंतु त्याखालीं स्मृतींत रोमन ‘डी’ चा अंक असतो. अशा टंकांत टंकलिखित केलेले अर्ज, ठराव आणि पाठ्यसामग्री पुष्कळ आहे. डोळस मनुष्य तें सहज वाचून पुढें जातो, आणि स्क्रीन रीडर त्याच पानावर एकामागून एक रोमन अक्षरांचा गोंगाट करीत राहतो.