सुरतची दिवाळी : बोनसचा हिशोब आणि भेटीचे तारतम्य

दिवाळी जवळ आली की सुरत शहराचा आर्थिक श्वास एका शब्दाभोवती फिरू लागतो, तो म्हणजे बोनस. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ या शहरातून जातात, असे मानले जाते. वराछा व कतारगाम भागांतील कारखान्यांत घंटीवर बसणारा रत्नकलाकार प्रामुख्याने सौराष्ट्रातून आलेला असतो. लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत मात्र खानदेशातील मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांतील अनेकांचा चरितार्थ यंत्रमाग, साडी व कापड बाजारावर चालतो. सणाच्या सुट्टीत एक लोंढा अमरेली-भावनगरकडे, तर दुसरा तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने नंदुरबार-जळगावकडे निघतो. दोघांच्याही पिशवीत भेटवस्तू असतात आणि दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो : परतल्यावर हाती काय उरेल?

गाड्यांची भेट आणि तिची दुसरी बाजू

सुरतच्या दिवाळीची देशभर चर्चा झाली ती २०१४ मध्ये. हरेकृष्ण एक्स्पोर्ट्सचे सावजी ढोलकिया यांनी सुमारे १,२०० कर्मचाऱ्यांना गाड्या, सदनिका व दागिने भेट देण्याचे जाहीर केले. त्यांत ४९१ गाड्या होत्या. २०१६ मध्ये १,२६० गाड्या व ४०० सदनिकांची घोषणा झाली. २०१८ मध्ये ६०० गाड्यांबरोबर सुमारे ९०० जणांना मुदत ठेवी देण्यात आल्या. ढोलकिया यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मानही मिळाला.

या भेटींतील सर्वांत कमी चर्चिली गेलेली वस्तू म्हणजे मुदत ठेव. कुटुंबाच्या दृष्टीने कदाचित तीच सर्वांत शहाणपणाची. गाडी दारात उभी राहिली की विमा, इंधन आणि दुरुस्तीचा खर्च सुरू होतो व तिचे मूल्य वर्षागणिक घटते. ठेव मात्र काही न मागता वाढते. शिवाय बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. मोठी भेट स्वीकारताना ती कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्ज आहे काय आणि नोकरी सोडल्यास हप्ते कोणी भरायचे, हे लेखी विचारून घेणे अनुचित नाही.

त्याच शहराने मंदीही पाहिली. मागणी घटल्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये किरण जेम्स या बड्या कंपनीने आपल्या सुमारे ५०,००० कामगारांना दहा दिवसांची सुट्टी जाहीर केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा निर्यातीवर जगणाऱ्या या धंद्याला पुन्हा धक्का बसला. रत्नकलाकाराची मजुरी बहुधा नगावर ठरते. काम थांबले की मिळकत थांबते. दिवाळीची सुट्टी लांबली तर बोनस हा सणाचा पैसा न राहता पुढच्या दोन महिन्यांच्या किराण्याचा व शाळेच्या फीचा पैसा ठरतो.

बोनस : कृपा नव्हे, हक्क

१९६५ च्या बोनस कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के बोनस ठरवून दिला. हेच किमान-कमाल प्रमाण २०१९ च्या वेतन संहितेतही कायम ठेवण्यात आले. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, अर्थात एका महिन्याचे वेतन. वर्षात किमान ३० दिवस काम केलेला पात्र कामगार त्याला हक्कदार ठरतो आणि आस्थापना तोट्यात असली तरी किमान बोनस द्यावाच लागतो; नव्या आस्थापनांना सुरुवातीच्या वर्षांत काही सवलत असते.

१९६५ च्या कायद्यानुसार गणना प्रत्यक्ष पगारावर नव्हे, तर दरमहा ७,००० रुपये किंवा किमान वेतन यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर होत असे. ७,००० धरल्यास किमान बोनस वर्षाला सुमारे ७,००० रुपये व कमाल १६,८०० रुपये येत असे. लहान कारखान्यांतील कामगार बहुधा या चौकटीबाहेर राहतो. त्यामुळे रक्कम हाती येण्याआधीच तिच्या भरवशावर उधारी करणे धोक्याचे ठरते.

आधी कर्ज, मग खरेदी

बोनस मिळताच पहिला हिस्सा महागड्या कर्जाला द्यावा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा ३ ते ४ टक्के व्याज लागते. कोणतीही ठेव इतके व्याज देत नाही. दुसरा हिस्सा एका महिन्याच्या घरखर्चाइतका बाजूला ठेवावा. उरलेल्यातून प्रवास, फराळ, कपडे आणि भेटी यांची यादी करावी. यादीत वस्तूंच्या आधी माणसांची नावे लिहावीत व प्रत्येक नावापुढे रक्कम ठरवावी. बाजारात गेल्यावर ठरवलेली रक्कम क्वचितच टिकते.

‘शून्य टक्के व्याज’ या जाहिरातीकडेही सावधपणे पाहावे. अशा योजनांत व्याज बहुधा वस्तूच्या किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडवलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. रोखीने घेतल्यास किती सूट मिळेल, हा एक प्रश्न दुकानदाराला विचारला की खरे व्याज कळते.

भिशी व सोन्याच्या मासिक योजनांबाबतही दक्षता हवी. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली परिसरात एका सराफी साखळीची दुकाने अचानक बंद झाली आणि सणासाठी हप्ते भरणारी अनेक कुटुंबे हवालदिल झाली. सराफाकडे भरलेल्या हप्त्यांना बँक ठेवीप्रमाणे विमासंरक्षण नसते.

सोने, हिरा आणि ओवाळणी

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक आवश्यक आहे. तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. घडणावळ परत मिळत नाही, हे लक्षात ठेवून बचतीसाठी साधा दागिना निवडावा. हिरा हौसेसाठी घ्यावा, गुंतवणूक म्हणून नव्हे. प्रयोगशाळेत घडवलेला हिराही खरा हिराच असतो. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडेन यांना दिलेला ७.५ कॅरेटचा हिरा त्याच प्रकारचा होता. मात्र या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत कमालीचे घसरले आहेत. म्हणून पावतीवर हिऱ्याचा प्रकार स्पष्ट लिहून घ्यावा व प्रमाणपत्र मागावे.

ओवाळणीलाही कायद्याची एक किनार आहे. सख्ख्या बहीण-भावांनी एकमेकांना दिलेली भेट रक्कम कितीही असली तरी करमुक्त असते. चुलत, मामे किंवा मावस भावंडे आणि मित्र मात्र करकायद्याच्या व्याख्येतील ‘नातेवाईक’ नाहीत. अशांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाली, तर केवळ वरची नव्हे, संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. मालकाने दिलेला रोख बोनस वेतनातच मोजला जातो.

गोव्यातील घरांसाठी

गोमंतकीय कुटुंबावर हा भार वर्षातून दोनदा येतो. चतुर्थीची माटोळी, लेकीच्या सासरी पाठवायचे ओझे, रंगरंगोटी यांत खर्च झालेला पैसा भरून निघण्याआधीच दिवाळी उंबरठ्यावर येते. म्हणून दोन्ही सणांचा एकत्र हिशोब मांडून वर्षाच्या बारा भागांत तो विभागणे सोयीचे. वर्षाला २४,००० रुपये लागत असतील, तर दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव पुरते. तिला लागणारी शिस्त कर्जाच्या हप्त्याइतकीच, पण व्याज आपल्या बाजूचे.

सुरतचा व्यापारी दिवाळीला चोपडापूजन करतो आणि लाभपंचमीला नवे खाते उघडतो. जुन्या वहीत कोणाचे देणे राहिले, हे पाहूनच नवे पान उलटायचे, हा त्यामागचा व्यवहार. घराच्या वहीलाही तोच नियम लागू पडतो. कर्ज काढून दिलेली भेट घेणाऱ्याच्या घरी चार दिवस शोभते आणि देणाऱ्याच्या घरी वर्षभर फेडावी लागते.